मकतबातला मुका तास

रस्त्याने जाताना हाफिजसाहेब पाट्या वाचत असत, आणि मोठ्याने वाचत असत. किराणा-भुसार, चादरी-टॉवेलचे ठोक दुकान, दातांचा दवाखाना, 'येथे वाहने लावू नयेत'. जे समोर येईल ते. मराठी पाटी मराठीत, उर्दू उर्दूत, अक्कलकोटकडून येणाऱ्या ट्रकच्या पाठीवरचे कानडी कानडीत. तेलुगू लिपी मात्र त्यांना येत नसे. त्यामुळे तेलुगू विणकर समाजाच्या मंगल कार्यालयासमोर ते थांबत आणि आतून कोणी बाहेर येईपर्यंत उभे राहत. आलेल्या माणसाला नमस्कार करून विचारत, हे काय लिहिले आहे? उत्तर मिळाले की पुढे निघत. बरोबर मकतबातली चारदोन मुले असतच. रस्त्याने चालण्याची रीतच ही, असा त्या मुलांचा समज होता. पुढे तीही तशीच चालू लागली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने माझ्याकडे तक्रार केली, की ही पोरे जाता-येता त्याची पाटी खणखणीत वाचतात आणि खुर्चीवरचे गिऱ्हाईक दचकते. वस्तरा हातात असताना हे बरे नव्हे.

हाफिज म्हणजे संपूर्ण कुरआन ज्याला मुखोद्गत आहे असा माणूस. त्याला वाचण्याची गरज उरत नाही. मग या माणसाला वाचनाचे एवढे वेड कशाचे, हा प्रश्न मला पहिल्या भेटीपासून पडला होता. त्याचे उत्तर मिळायला वेळ लागला. मिळाले ते पूर्ण होते, असेही मी म्हणणार नाही.

न्यायालयातली नोकरी संपल्यावर जमातीच्या कमिटीने मला सेक्रेटरी केले. लिहिण्याचे काम कोणालाच नको होते. मशीद, तिच्या बाजूच्या दोन खोल्यांतले मकतब आणि त्यावरची उस्तादांना राहण्यासाठी बांधलेली एक खोली, एवढा आमचा कारभार. शाळा सुटली की मोहल्ल्यातली लहान मुले मकतबात येतात. आधी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पुस्तक, मग सिपारा, म्हणजे कुरआनचा एकेक भाग, बरोबर नमाज आणि दुआ. कुणी उर्दू शाळेतले, कुणी महापालिकेच्या मराठी शाळेतले, अलीकडे कुणी इंग्रजी शाळेतले. घरी सगळ्यांची बोली दखनी.

उस्तादांची जागा रिकामी झाली तेव्हा हाफिजसाहेब मुलाखतीला आले. मूळचे मंद्रूपचे. अंगाने बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आमच्या सदरांनी, म्हणजे कमिटीच्या अध्यक्षांनी, त्यांना तिलावत, म्हणजे कुरआनचे पठण, करायला सांगितले. त्यांनी केली. आवाज शुद्ध होता, उच्चार चोख होते. कोणाला काही विचारावेसे वाटले नाही. मग सदरांनी विचारले, तुमची काही अट? उस्ताद बहुधा पाणी, वीज किंवा सुट्टी यांविषयी बोलतात. हाफिजसाहेबांनी भिंतीजवळच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवले आणि त्यात काय आहे ते विचारले.

त्यात पुस्तके होती. लोकांनी वडिलांच्या, आईच्या नावाने सवाबासाठी, म्हणजे पुण्यासाठी, दिलेली. पैगंबरांच्या गोष्टी, त्यांच्या सोबत्यांच्या, म्हणजे सहाब्यांच्या गोष्टी, मुलांसाठीची चित्रे असलेली, काही उर्दू, काही हिंदी, काही मराठी. मुले फाडतील म्हणून कपाटाला कुलूप होते, आणि किल्ली सदरांच्या घरी होती. हाफिजसाहेब म्हणाले, किल्ली मिळाली तर येतो. सदरांनी मुलांच्या हातांविषयी शंका बोलून दाखवली. त्यावर ते म्हणाले, "फटने दो ना साब. नयी की नयी किताब कबर के पत्थर सरीखी दिखती."

सदरांना हे आवडले नाही. पण दुसरा उमेदवार नव्हता.

पुस्तके बाहेर आली आणि एक अडचण निघाली. दीनची, म्हणजे धर्माची, पुस्तके जमिनीवर ठेवणे ही बेअदबी. ती उंच ताकात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, ठेवावीत ही आमच्याकडची रीत, आणि ताकात ठेवली की मुलांचा हात पोचत नाही. आमच्या घरोघरी हेच आहे. जे पवित्र ते उंच, आणि जे उंच ते मुलांच्या हाताबाहेर. हाफिजसाहेबांनी यावर दोन दिवस विचार केला. मग सदरांच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून टाकाऊ सूत आणून त्याची जाड दोरी वळली आणि ती मकतबाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधली. उंची ठरवताना त्यांनी सगळ्यांत लहान मुलीला आधी बसवले, मग उभे केले. ती बसली की दोरी तिच्या डोक्याच्या वर राहावी आणि उभी राहिली की हाताला लागावी. त्या दोरीवर पुस्तके मधोमध उघडून, पाठ वर करून, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी टाकली. अदबही राहिली आणि हातही पोचला. बघायला आलेले एक बुजुर्ग म्हणाले, हे मकतब आहे की धोबीघाट? हाफिजसाहेब म्हणाले, धोबीघाटच. धुतलेले ज्याचे त्याने घेऊन जावे.

मुलांनी आज काय वाचले, हे ते कधी विचारत नसत. "आज क्या अटक्या?" एवढेच विचारत. म्हणजे आज कुठे अडलास? ज्याला कुठेच अडले नाही त्याला ते परत पाठवत. त्यांचे एक वाक्य मोहल्ल्यात अजून बोलले जाते: "अटक्या नै तो पढ्या नै." मुले मग अडण्याची जागा शोधत वाचू लागली. आणि अडलेले विचारले की हाफिजसाहेबांचे बहुतेक वेळा एकच उत्तर असे. मालूम नै, ढूंडो. उस्तादाने 'मला माहीत नाही' म्हणणे आमच्या पालकांना नवे होते. एकाने मला बाजूला घेऊन विचारले, की या हाफिजांना येते तरी काय?

या पद्धतीचा सगळ्यांत मोठा त्रास मुस्कानच्या नानीला झाला. मुस्कान तिसरीत होती, महापालिकेच्या मराठी शाळेत. आईवडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्यामुळे मुलगी नानीकडे. नानी सदरांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत असे. मुस्कान आधीच्या उस्तादांच्या वेळी मकतबातून पळून जाण्याबद्दल प्रसिद्ध होती. उर्दू तिला जेमतेम येई, आणि न येणाऱ्या मुलाला वर्गात मागे बसावे लागते. हाफिजसाहेबांनी तिच्या हातात मराठी पुस्तक दिले. कमिटीतल्या एकाने आक्षेप घेतला, की दीन मराठीत कसा शिकवायचा? हाफिजसाहेब शांतपणे म्हणाले, "कायकू? अल्ला कू मराठी नै आती क्या?"

मुस्कानने जे पुस्तक उचलले त्यात माशाच्या पोटात राहिलेल्या पैगंबरांची गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी ती अडली. माशाच्या पोटात उजेड असतो का? नसेल, तर त्यांना कळले कसे की आपण माशाच्या पोटात आहोत? हाफिजसाहेब म्हणाले, मालूम नै, ढूंडो. मुलगी सरळ मासळी बाजारात गेली. तिथल्या एका बाईला तिने काय सांगितले कोण जाणे, पण त्या बाईने एक मोठा मासा चिरून, पोट उलगडून, हात आत घालायला लावून तिला दाखवले. संध्याकाळी नानी माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "सेक्रेटरीसाब, बच्ची कू दीन सीखने भेजी मैं. मच्छी की बू लेके आई!" मी हाफिजसाहेबांना बोलावले. त्यांनी नानीचे सगळे ऐकून घेतले आणि मग मुस्कानकडे वळून विचारले, की असतो का उजेड? मुस्कान म्हणाली, नसतो. पण गार असते, आणि बोटाला भिंत लागते. त्यांनी मान हलवली. नानी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिले.

जमातीच्या मोबाइलच्या ग्रुपवर सदर बोलके निरोप पाठवत. मोठे व्यापारी, टाइप करायला त्यांना सवड नसे. हाफिजसाहेब ते निरोप ऐकत नसत. प्रत्येकाखाली त्यांचे एकच उत्तर असे: लिख के भेजो. सगळ्या ग्रुपसमोर. मी त्यांना एकदा सुचवले, की सदरांचे तेवढे ऐकत जा. ते म्हणाले, ऐकलेले मला लगेच पाठ होते, हीच अडचण आहे.

तेव्हा मी तो जुना प्रश्न विचारला. ते रोज पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर मशिदीच्या खांबाशी बसून, कुरआन उघडून, ओळीवर बोट ठेवून फार सावकाश वाचत. जो मजकूर डोळे मिटून म्हणता येतो तो बोट ठेवून का वाचावा? त्यांनी बोटाखालची ओळ संपवली. मग सांगितले, की ते पाठ करत होते त्या वयात त्यांच्या हातात दुसरे पुस्तक कोणी दिले नाही. पाठ म्हणताना मी पुढे धावतो आणि शब्द मागून येतात, ते म्हणाले. वाचताना शब्द पुढे असतात. एवढेच. मी आणखी विचारले असते, पण ते पुन्हा ओळीवर गेले होते.

अलीकडे मंद्रूपच्या आठवडी बाजारात ते मला दिसले. बियाण्यांच्या दुकानासमोर एका शेतकऱ्याला पाकिटाच्या मागचा कानडी मजकूर मराठीत समजावून सांगत होते. त्याला पाकीट घ्यायचे होते. यांना ते वाचून संपवायचे होते. शेतकरी म्हणत होता, "आवं बास की आता, समजलं मला." मी सलाम केला. त्यांनी प्रकृती विचारली नाही. पाकिटावरच्या एका शब्दावर बोट ठेवून मला विचारले, याला मराठीत काय म्हणतात? मला आले नाही. त्यांना बरे वाटल्याचे दिसले.

आता ते मंद्रूपला का असतात, ते सांगायला हवे.

आमचा मोहल्ला कारभार कानाने ओळखतो. यंत्रमागाचा खटखटाट चालू आहे म्हणजे घर चालू आहे. आवाज थांबला तर वीज गेली, नाही तर धागा तुटला, नाही तर कारागीर डुलकी घेतो आहे. चौथे कारण आम्हाला माहीत नाही. मकतबालाही तोच न्याय. सगळी मुले एकदम, मागेपुढे झुलत, मोठ्याने वाचतात. तो आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यावा ही अपेक्षा. तो आला की लोक समाधानाने म्हणतात, शिकवणे चालू आहे.

सदरांचा कारखाना मकतबाच्या बरोबर समोर. हाफिजसाहेब येऊन काही महिने झाल्यावर सदरांच्या लक्षात आले, की रोज पहिला भाग आवाजाचा जातो आणि नंतर मकतबातून काहीच ऐकू येत नाही. रोज. ठरल्या वेळी. माग जरा थांबवून त्यांनी खात्री करून घेतली. मग मला बोलावले. म्हणाले, तुमचा हाफिज झोपतो. तुम्ही जाऊन बघा आणि मला कळवा.

मी गेलो. बाहेर चपला होत्या, म्हणजे मुले आत होती. तरी शांतता इतकी होती, की मीही दारात थबकलो. आत मुले भिंतींना टेकून बसली होती. प्रत्येकाच्या हातात दोरीवरचे एक पुस्तक. कोणाचे ओठ हलत होते, कोणाचे नाही. हाफिजसाहेब मुलांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि स्वतः वाचत होते. मी हळूच विचारले, की मुलांकडे पाठ का? ते तितक्याच हळू म्हणाले, "देख्या तो मेरे वास्ते पढते."

एवढ्यात मुस्कान पुस्तकात बघून एकटीच हसली. मी तिला विचारणार होतो, काय झाले. हाफिजसाहेबांनी मागे न बघता माझा हात धरला. म्हणाले, थांबा; ती आता इथे नाही. पान संपले की येईल.

मी परत जाऊन सदरांना सांगितले, की हाफिजसाहेब झोपत नाहीत, मुले वाचत आहेत. सदर म्हणाले, वाचत आहेत तर आवाज कुठे आहे? मी म्हणालो, मनात वाचत आहेत. सदरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू एखादा कारागीर सांगतो आहे, मालक, चादर मनात विणतो आहे.

त्या तासाला मोहल्ल्याने नाव दिले: गुंगा घंटा. मुका तास. पालक चेष्टेने म्हणत, पण एक बदल मी पाहिला. त्या तासाच्या वेळेला मुले उशिरा येईनाशी झाली. मोबाइल घरी ठेवून येऊ लागली. एकदा पाऊस असताना दोन मुली डोक्यावर चादर घेऊन धावत येताना दिसल्या. विचारले तर म्हणाल्या, कालचे अर्ध्यात राहिले आहे. हे मी सदरांना सांगितले नाही. त्यांनी विचारले नव्हते.

सदरांनी मात्र हाफिजसाहेबांना स्पष्ट सांगितले होते, की हा तास बंद करा. हाफिजसाहेबांनी तास चालूच ठेवला. सदरांनी पुन्हा निरोप पाठवला, बोलका. उत्तर आले, लिख के भेजो.

अशात वार्षिक जलसा आला. मकतबाच्या अंगणात मांडव, बाहेरगावचे मौलाना पाहुणे, आणि मोहल्ल्यात चार ठिकाणी कर्णे, कारण बायका-म्हातारी माणसे घरी बसूनच ऐकतात. सदरांनी त्या दुपारी माग बंद ठेवले होते. त्यांनी हाफिजसाहेबांना बजावले, की पाहुण्यांना आमच्या मुलांचे वाचन दिसले पाहिजे. हाफिजसाहेब म्हणाले, जरूर दिखाऊंगा.

मुलांनी आधी तिलावत केली. चांगली केली. नात, म्हणजे पैगंबरांचे स्तुतिगीत, म्हटली, दुआ म्हटल्या. मौलाना खूश होते, सदर त्यांच्याहून जास्त. मग हाफिजसाहेब उठले. त्यांनी माइक खाली, मुलांच्या मध्ये आणून ठेवला आणि म्हणाले, "अब बच्चे पढेंगे." मुलांनी आपापली पुस्तके आणली, मांडी घातली आणि वाचायला सुरुवात केली. मनात.

लोक थोडा वेळ सुरुवातीची वाट बघत राहिले. मग माइकवाला पुढे आला, माइकवर बोट आपटून 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणाला. हाफिजसाहेबांनी ओठांवर बोट ठेवले. माइकवाला दुखावला. "मशीन बरोबर हाय की माझं," तो मागे जाता जाता म्हणाला. तेही कर्ण्यातून सगळीकडे गेले. त्यानंतर काहीच गेले नाही. घरोघरी ऐकत बसलेल्या लोकांना वाटले, माइक बिघडला. मग वाटले, मौलानांना काही झाले. नसलेल्या आवाजाने लोक बाहेर काढले. गल्लीतून, जिन्यांवरून, बुरखे सावरत, काठ्या टेकत माणसे अंगणात जमू लागली. इतका जमाव आमच्या जलशाला कधी झाला नव्हता. कोणी काही विचारले की पुढचा त्याला गप्प करी. पान उलटल्याचा आवाज कर्ण्यातून ऐकू आला. मी आयुष्यात बरेच वाचले आहे, पण तो आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

सदर मौलानांच्या शेजारी बसून घाम पुसत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. ते उठले, मुस्कानपुढे गेले आणि आवाज शक्य तेवढा मऊ करून म्हणाले, "क्या पढी बेटा? सुना मौलाना कू."

मुस्कानने मान वर केली नाही. "ठैरो ना चचा," ती म्हणाली. "अबी मच्छी के पेट मेंच है."

माइक तिच्या गुडघ्याशी होता. सगळा मोहल्ला हसला. मौलाना इतके हसले, की त्यांनी रुमाल तोंडाला लावला. सदर जागेवर येऊन बसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजनंतर कमिटी बसली. हाफिजसाहेबांना बोलावले होते. मी कार्यवृत्त लिहायला बसलो. सदर सुरुवातीला जलशाविषयी बोलले. जलसा ऐकण्यासाठी असतो, तुम्ही लोकांना गप्प बसवले. आमचा मोहल्ला पाहुण्यांसमोर हसला. उस्ताद म्हणून तुम्ही नेक आहात, पण माझ्या सांगण्याला तुमच्याकडे वजन नाही. हाफिजसाहेब खाली बघून ऐकत होते. तेव्हा सदरांचा आवाज चढला.

"साफ बोल देताऊं. यहाँ वो गुंगा घंटा रहेंगा, नै तो तुम रहेंगे. दोनो नै रहते."

आमच्याकडे अशा वाक्याचे उत्तर ठरलेले असते. समोरच्याने माफी मागायची, मधल्याने समजूत घालायची, चहा यायचा. चहा सांगितलेलाही होता. हाफिजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. या नोकरीबरोबर वरची खोली होती. त्या खोलीत त्यांची बायको होती, आणि या वयात दुसरीकडे जागा मिळणे सोपे नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. त्यांनाही होते.

"तो घंटा रहने दो," ते म्हणाले.

क्षणभर कोणाला कळले नाही. मग एक सभासद घाईने म्हणाला, हाफिजसाब, तुम्ही समजला नाहीत, सदरांच्या म्हणण्याचा अर्थ असा आहे की… हाफिजसाहेबांनी त्याला थांबवले. "समज्या मैं. सदर की जबान है. सेक्रेटरीसाब, लिख लो."

सदरांच्या जबानीविषयी, म्हणजे दिलेल्या शब्दाविषयी, सांगायला हवे. धंद्यात त्यांनी बोललेला शब्द कधी फिरवला नाही. सूत बाजारात चढले, उतरले, सदरांचा शब्द तोच. त्यावर त्यांचे नाव होते, आणि ते नाव त्यांना कारखान्याहून प्रिय होते. आता तो शब्द त्यांच्या तोंडातून गेलेला होता, सगळ्या कमिटीसमोर. धमकी म्हणून गेला होता. समोरच्याने तो सौदा म्हणून उचलला. मी लेखणी कागदावर न टेकवता थांबलो. सदर भिंतीकडे बघत होते. त्यांना 'माझे म्हणणे तसे नव्हते' एवढे म्हणता आले असते. मला वाटते, हाफिजसाहेबांनाही ते चालले असते.

"लिखो," सदर म्हणाले.

मी लिहिले. मकतबात रोज एक तास मुले मनात वाचतील. तो तास कायम राहील. हाफिजसाहेब महिनाअखेर कामावरून मोकळे होतील. खाली सदरांची सही घेतली. चहा आला, तो कोणी घेतला नाही.

महिनाअखेरीस मी वरच्या खोलीवर गेलो. हाफिजसाहेबांच्या पत्नी भांड्यांचे गाठोडे बांधत होत्या. त्यांनी मला विचारले, खरे सांगा, यांना काढले की हे आपण होऊन निघाले? मी जे झाले ते सांगितले. त्यांनी गाठ आवळली. म्हणाल्या, "निकाले होते तो मैं लडती. खुद निकले तो क्या बोलना." हाफिजसाहेब खाली मकतबात होते. दोरी सैल झाली होती, ती ताणून बांधत होते. त्यांनी मला एकच विचारले, की नवा उस्ताद वाचतो का? मी म्हणालो, आवाज चांगला आहे. त्यांनी दोरी आणखी ताणली.

नवा उस्ताद सदरांनीच निवडला होता. तरुण, उमदा, आवाज घुमणारा. मी त्याला त्या तासाची कल्पना दिली, लिहिलेले दाखवलेही. त्याने आदराने मान डोलावली. पण मालकाला काय आवडते, हे नव्या माणसाला आधी कळते. पहिल्याच दिवशी त्या तासाला त्याने मुलांना दोरीकडे जाऊ दिले नाही. सगळ्यांना एका रांगेत बसवून, झुलत, मोठ्याने वाचायला लावले. मी मशिदीच्या ओट्यावर होतो. आवाज गल्लीभर गेला. जुन्या लोकांनी माना डोलावल्या.

समोरच्या कारखान्यातून सदर बाहेर आले. हातात सुताचा गुंता तसाच होता. ते गल्ली ओलांडून मकतबाच्या दारात उभे राहिले. नव्या उस्तादाने त्यांना पाहिले, चेहरा उजळला, आणि त्याने मुलांना हाताने आणखी मोठ्याने म्हणण्याची खूण केली.

"आवाज कायकू आ रा है?" सदर म्हणाले.

उस्तादाला प्रश्न समजला नाही. मुलांना समजला. ती उठली, दोरीकडे गेली, आपापले पुस्तक घेऊन भिंतीला टेकली. मुस्कानला तिचे सापडत नव्हते. तिला वेळ लागला. सदर थांबले. शेवटच्या मुलाने पान उघडेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. मग जाताना उस्तादाला म्हणाले, दार हळू लाव.